एचआयव्हीच्या गोळ्या आणि किडनी: नव्यानं उपचार सुरू केलेल्यांसाठी

गोळ्या सुरू होऊन दीड महिना झालेला असतो. पहिल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात येतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालली आहे ते दाखवणारा आकडा, ०.९ वरून १.०५ झालेलं दिसतं. त्या रात्री झोप लागत नाही. एचआयव्ही राहिला बाजूला, आता किडनी चालली, असंच वाटतं. काहीजण घाबरून, कुणालाही न विचारता, गोळ्याच बंद करतात.

उपचार नव्यानं सुरू केलेल्यांशी बोलायचं काम मी करते, आणि स्वतःही ही औषधं १४ वर्षं घेते आहे. हा प्रसंग मी इतक्या जणांकडून ऐकलाय की सुरुवात त्यानंच करते. ही एवढीशी वाढ बहुतेक वेळा किडनी बिघडल्यामुळे झालेली नसते. पण याच्या उलट घडलेलंही मी पाहिलं आहे: रिपोर्टवर क्रिएटिनिन 'नॉर्मल' आणि किडनीचं काम मात्र बरंच उतरलेलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळलं की निम्मी भीती जाते.

आणि एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. उपचार न घेणं किडनीला गोळ्यांपेक्षा जास्त महागात पडतं. एचआयव्हीचा विषाणू किडनीच्या पेशींना स्वतःच इजा करतो. एचआयव्हीमुळे होणाऱ्या या किडनीच्या आजाराची पहिली वर्णनं १९८४ मधली आहेत, म्हणजे एचआयव्हीवर एकही औषध नव्हतं तेव्हाची. २००६ मध्ये 'स्मार्ट' या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात एका गटाला सीडी४ (प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) चांगला असताना गोळ्या थांबवायला सांगितलं होतं. त्या गटात मृत्यू वाढलेच, शिवाय हृदय, यकृत आणि किडनीचे गंभीर आजारही जास्त झाले. तेव्हा पुढचं सगळं वाचताना गोळ्या चालूच राहणार आहेत, हे गृहीत धरा.

पायरी १: बाटलीवरची नावं उतरवून घ्या

'एकच गोळी आहे, रात्री घेते' एवढं पुरत नाही. त्या एका गोळीत बहुधा तीन औषधं असतात आणि किडनीच्या दृष्टीनं तिघांचं वागणं वेगळं असतं. आज सर्वांत जास्त दिल्या जाणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सुरुवातीच्या उपचारासाठी हीच जुळणी पसंतीची ठरवली.

यातलं लक्ष ठेवण्याजोगं औषध म्हणजे टेनोफोव्हिर. त्याचे दोन प्रकार आहेत. जुना टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल, म्हणजे टीडीएफ, २००१ पासून वापरात आहे आणि त्याचा डोस ३०० मिलिग्रॅमचा असतो. नवा टेनोफोव्हिर अलाफेनामाइड, म्हणजे टीएएफ, २०१५ मध्ये आला. त्याचा डोस २५ मिलिग्रॅम, काही जुळण्यांत फक्त १०. टीएएफ थेट पेशीत शिरून तिथेच सुटा होतो, त्यामुळे रक्तात फिरणारं टेनोफोव्हिर सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतं आणि किडनीपर्यंत पोचणारा भारही तितका हलका होतो. आपला प्रकार कोणता हे बाटलीवर लिहिलेलं असतं. समजलं नाही तर नुसता ३०० की २५ हा आकडा बघितला तरी ओळखता येतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. डोलुटेग्राविर किडनीला इजा करत नाही, फक्त रिपोर्टचा आकडा हलवतं. त्याकडे पुढे येते. लॅमिव्ह्युडिन किडनीतून बाहेर पडतं, म्हणून काम फारच उतरलं तर त्याचा डोस बघावा लागतो. अॅटाझानाविर घेणाऱ्यांपैकी काहींना मुतखडा होतो. रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट, म्हणजे दुसऱ्या औषधांचा जोर वाढवायला दिलेलं औषध, सोबत असेल तर टीडीएफचं रक्तातलं प्रमाण वाढतं. ही जोडी असलेल्यांनी तपासण्या जास्त नेमानं कराव्यात.

पायरी २: सुरुवातीचे आकडे जपून ठेवा

शक्य असेल तर पहिली गोळी घेण्याआधी, नाही तर निदान पहिल्या काही दिवसांत, हे एवढं करून घ्या: रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीची साधी तपासणी, रक्तदाब, रक्तातली साखर, हिपॅटायटिस बीची चाचणी आणि वजन. सगळं तारीख टाकून एका वहीत लिहा. रिपोर्ट हरवतात, फाइल बदलते, डॉक्टर बदलतात. वही तुमच्याजवळच राहते.

किडनीच्या बाबतीत एकटा आकडा फार कमी सांगतो. १.१ क्रिएटिनिन हे वाईट की चांगलं? ज्याचं ५ वर्षं १.१ च आहे त्याच्यासाठी ठीक. ज्याचं वर्षभरापूर्वी ०.६ होतं त्याच्यासाठी मुळीच ठीक नाही. वहीतली पहिली ओळ नसेल तर हा फरक कुणालाच, अगदी तज्ज्ञालाही, दिसणार नाही.

हिपॅटायटिस बीची चाचणी या यादीत का, हा प्रश्न पडला असेल. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन या दोन्हींचा त्या विषाणूवरही असर होतो. पुढे कधी किडनीसाठी टेनोफोव्हिर काढायची वेळ आली, तर हा निकाल आधी माहीत असावा लागतो.

पायरी ३: क्रिएटिनिन वाचायला शिका

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीत टाकते. गाळणं मंदावलं की रक्तात तो साचतो. एवढं सरळ असतं तर बरं होतं. पण किडनी क्रिएटिनिन दोन वाटांनी बाहेर टाकते: बराचसा भाग गाळणीतून, आणि थोडा भाग बारीक नलिकांच्या भिंतीतून. डोलुटेग्राविर ही दुसरी वाट अडवतं. बिक्टेग्राविर आणि कोबिसिस्टॅटही तेच करतात. गाळणी पूर्वीसारखीच चालू असते, तरी रक्तातला आकडा थोडा वर सरकतो.

ही वाढ ओळखायची खूण तिच्या वेळेत आणि मापात आहे. ती पहिल्या ४ आठवड्यांत होते, साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमची असते आणि मग तिथेच थांबते. माझं स्वतःचं डोलुटेग्राविर सुरू झाल्यावर ०.७८ वरून ०.९ झालं आणि तेव्हापासून त्याच आसपास आहे. वाढ ०.४ च्या पुढे गेली, किंवा दर रिपोर्टला आणखी थोडी चढतच राहिली, तर मात्र डोलुटेग्राविरच्या नावावर टाकून गप्प बसू नका. काही प्रयोगशाळा क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये देतात आणि आकडा एकदम ८० किंवा ९० दिसतो. त्याला ८८.४ नं भागलं की ओळखीचा मिलिग्रॅमचा आकडा मिळतो.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे जास्त दुर्लक्ष होतं. स्नायू कमी असतील तर क्रिएटिनिन मुळात तयारच कमी होतं. म्हणून बारीक, वय झालेल्या माणसाचा आकडा फसवतो. त्यासाठी गाळण्याचा वेग, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते ते, काढावा लागतो. १९७६ पासून वापरात असलेलं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट यांचं सूत्र कागद-पेन्सिलीनं सोडवता येतं: १४० मधून वय वजा करा, उत्तराला किलोतल्या वजनानं गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागा. बाईचं असेल तर शेवटी ०.८५ नं गुणा.

दोन उदाहरणं करून बघू. ४५ वर्षांचा, ६० किलोचा पुरुष, क्रिएटिनिन १.०. उत्तर येतं ७९. ठीक आहे. आता ५८ वर्षांची, ४२ किलोची बाई, क्रिएटिनिन ०.९, म्हणजे त्या पुरुषापेक्षाही कमी. १४० वजा ५८ म्हणजे ८२. ८२ गुणिले ४२ म्हणजे ३४४४. त्याला ६४.८ नं भागून ०.८५ नं गुणलं की उत्तर ४५. रिपोर्टवर कुठेही लाल खूण नसते, आणि टीडीएफसाठी जी ५० ची मर्यादा धरतात तिच्या खाली ही बाई आधीच गेलेली असते. अशी गणितं मी अनेकींबरोबर बसून केली आहेत, आणि कुणीतरी हे आधी का सांगितलं नाही हा प्रश्न दर वेळी येतो. म्हणून इथे एवढा वेळ घेतला.

रिपोर्टवर 'ईजीएफआर', म्हणजे गाळण्याच्या वेगाचाच अंदाज, छापलेला असेल तर तो वेगळ्या सूत्रानं काढलेला असतो. त्यात वजन धरत नाहीत, त्यामुळे तो थोडा वेगळा येणारच. दर वेळी एकच सूत्र वापरा, म्हणजे तुलना खरी होईल. हे सगळेच अंदाज आहेत. डोलुटेग्राविरमुळे ते खऱ्यापेक्षा थोडे कमी दाखवतात. आदल्या दिवशीचा दणदणीत व्यायाम, मांसाहाराचं भरपेट जेवण, क्रिएटिनची पावडर यांनीही क्रिएटिनिन वाढतं. खात्री करायची असेल तर 'सिस्टॅटिन सी' ही रक्ततपासणी आहे. तिच्यावर डोलुटेग्राविरचा किंवा स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. ती सगळीकडे होत नाही, पण विचारायला हरकत नाही.

पायरी ४: लघवीची तपासणी टाळू नका

सुई टोचायला लोक तयार असतात आणि लघवीची बाटली द्यायला मात्र कंटाळतात. टेनोफोव्हिरच्या बाबतीत पहिला इशारा पुष्कळदा लघवीतूनच मिळतो, क्रिएटिनिन हलण्याच्याही आधी.

कारण असं. टेनोफोव्हिर किडनीतून बाहेर जाताना नलिकांच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींतून जातं. या पेशींचं काम म्हणजे गाळून आलेल्या पाण्यातून कामाच्या गोष्टी परत शरीरात घेणं: साखर, फॉस्फेट, क्षार, बारीक प्रथिनं. हे काम मेहनतीचं, म्हणून या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया खच्चून भरलेले असतात. औषध पेशीत साचलं तर पहिला मार यांनाच बसतो. मग परत घ्यायच्या गोष्टी लघवीतून वाहून जायला लागतात.

म्हणून लघवीच्या रिपोर्टवर दोन गोष्टी बघा. प्रथिनं आहेत का? आणि रक्तातली साखर नॉर्मल असताना लघवीत साखर दिसते का? दुसरी खूण फार महत्त्वाची. तिला अपवाद एक: मधुमेहासाठी किंवा हृदयासाठी एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधं चालू असतील तर लघवीत साखर त्या औषधांमुळेच येते.

नुसती पट्टी बुडवून केलेली तपासणी प्रामुख्यानं अल्ब्युमिन हे एकच प्रथिन पकडते. नलिकांच्या बिघाडात गळणारी प्रथिनं वेगळी, आणि ती पट्टीला चुकवून जाऊ शकतात. म्हणून शंका असेल तर लघवीतलं 'प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर' मागा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर सोबत 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर' हवं. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आणि ३ महिने टिकून असेल तर किडनीचा आजार धरतात, क्रिएटिनिन कितीही छान असलं तरी.

नलिकांचा बिघाड पूर्ण झाला की त्याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. तो क्वचित होतो. टीडीएफ घेणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधी होत नाही. पण त्याची तक्रार भलत्याच ठिकाणी जाणवते: फॉस्फेट वाहून गेल्यानं हाडं दुखतात, मांड्यांत जोर राहत नाही, जिना चढवत नाही. माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो, वेदनाशामक घेऊन येतो आणि त्या गोळ्यांनी किडनीचं आणखी बिघडतं.

पायरी ५: दुसऱ्या डॉक्टरला औषधाचं नाव सांगा

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे. किडनीला अचानक झालेली इजा मी जेव्हा जेव्हा जवळून पाहिली, तेव्हा बऱ्याचदा गोष्ट एकच होती. कंबर किंवा गुडघा दुखत होता, जवळच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक दिलं, आणि आपण टेनोफोव्हिर घेतो हे त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगायची भीती वाटते. ती भीती मला ठाऊक आहे, मीही वर्षानुवर्षं गप्प राहिले आहे.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, असेक्लोफेनॅक ही औषधं किडनीतला रक्तपुरवठा आवळतात. टीडीएफसोबत, त्यातून अंगात पाणी कमी असताना, काही दिवसांत किडनी बसू शकते. दुखण्यावर आणि तापावर नेमक्या डोसमधलं पॅरासिटामॉल जास्त सुरक्षित. दुखणं त्यानं भागत नसेल तर दुसरा उपाय डॉक्टरांनाच शोधू द्या.

मोकळेपणानं सांगता आलं तर उत्तमच. नाहीच जमलं, तर निदान एवढं म्हणा: 'डॉक्टर, मी रोज टेनोफोव्हिर घेते. ते किडनीतून जातं. औषध देताना तेवढं लक्षात ठेवा.' टेनोफोव्हिर नुसत्या हिपॅटायटिस बीसाठीही दिलं जातं, आणि एचआयव्ही होऊ नये म्हणूनही काही लोक घेतात. त्या नावामुळे तुमचं निदान उघड होतंच असं नाही. वाक्य आधी घरी दोनदा म्हणून बघा, खोलीत गेल्यावर सोपं जातं.

हेच वाक्य आणखी काही ठिकाणी कामी येतं. जेंटामायसिन किंवा अॅमिकासिनचं इंजेक्शन द्यायचं ठरलं, शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करायचा असला, हर्पिससाठी शिरेतून असायक्लोव्हिर लागलं, तेव्हा. कोट्रायमॉक्साझोल या जंतुसंसर्गावरच्या औषधानंही क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, बरेचदा डोलुटेग्राविरसारखंच खोटं. पण त्यानं पोटॅशियम खरोखर वाढू शकतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: डोलुटेग्राविरमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून एकत्र देताना मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, आणि गाळण्याचा वेग ३० च्या खाली गेल्यावर देतच नाहीत. कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीवरचं औषध असेल तर डोलुटेग्राविर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या, नाही तर विषाणूवरची पकडच सैल होते. ज्यावर घटक लिहिलेले नाहीत अशा पुड्या आणि 'किडनी साफ करणारे' काढे घेऊ नका. किडनीला साफसफाईची गरज नसते.

पायरी ६: रक्तदाब, साखर, आणि आजारी दिवस

गोळ्यांच्या धास्तीत माणसं हे विसरतात की किडनी निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणं एचआयव्ही असो वा नसो तीच आहेत: मधुमेह आणि उच्च रक्तदाब. रक्तदाब १३०/८० च्या आत असावा. तंबाखू सोडलेली बरी.

जुलाब, उलट्या, तीव्र ताप यांत किडनीला पाणी कमी पडतं. ओआरएस घोटघोट घेत राहा, वेदनाशामक अजिबात नको. दिवसभरात लघवी फारच कमी किंवा गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या अशा दिवसांत थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते आजारी पडण्याआधीच विचारून वहीत लिहून ठेवा. एरवी बळेबळे लिटरच्या लिटर पाणी पिण्यानं किडनी जास्त निरोगी होत नाही. लघवी फिकट पिवळी राहिली की पुरे.

पायरी ७: तपासण्यांचा नेम

सुरुवातीला, मग ४ ते ८ आठवड्यांनी, नंतर दर ६ महिन्यांनी. वय ५० च्या पुढे, वजन कमी, मधुमेह, रक्तदाब, आधीचा किडनीचा त्रास किंवा रिटोनाविर यांपैकी काही असेल तर दर ३ महिन्यांनी करायला सांगा. पाठ दुखते म्हणून किडनी तपासायची आणि दुखत नाही म्हणून सोडून द्यायची, असं करू नका. किडनी उतरत असताना बहुधा काहीच दुखत नाही. पायांना सूज, टिकून राहणारी फेसाळ लघवी, दम लागणं ही लक्षणं उशिरा येतात.

पायरी ८: आकडा खरंच बिघडला तर

गोळ्या बंद करू नका. आधी तपासणी पुन्हा करा, शक्यतो १ ते २ आठवड्यांत, आदल्या दिवशी भारी व्यायाम न करता. महिन्याभरात घेतलेली सगळी औषधं, मलमापासून इंजेक्शनपर्यंत, वहीत लिहून सोबत न्या. गाळण्याचा वेग पहिल्या नोंदीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त घसरलेला असेल, लघवीत प्रथिनं किंवा विनाकारण साखर असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: 'माझं टीडीएफ बदलायचं का?'

बदलाचे रस्ते आहेत. टीएएफ गाळण्याचा वेग साधारण ३० पर्यंत उतरला तरी चालतं. त्यावर गेल्यावर कोलेस्टेरॉल आणि वजन थोडं वाढू शकतं, आणि क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर ते सहसा देत नाहीत. अबाकाविरला किडनीचं बंधन नाही, पण ते सुरू करण्यापूर्वी एचएलए-बी*५७०१ ही जनुकीय चाचणी करतात, कारण ती सकारात्मक असेल तर जिवावर बेतणारी अॅलर्जी होऊ शकते. डोलुटेग्राविर आणि लॅमिव्ह्युडिन अशी दोनच औषधांची गोळीही आहे. हिपॅटायटिस बी असेल तर मात्र ती दोन औषधं पुरत नाहीत. टेनोफोव्हिर काढल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत यकृताला जोरात सूज येऊ शकते, म्हणून त्या विषाणूवर दुसरं पुरेसं औषध आधी हवं. काही ठिकाणी टीडीएफ न काढता एक दिवसाआड देतात. तसा डोस तुमच्या वेगावरून डॉक्टरांनी ठरवायचा असतो, आपण गोळ्या वाचवून नाही.

टीडीएफ वेळेत बदललं तर नलिका पुष्कळशा सुधारतात, आठवड्यांत किंवा काही महिन्यांत. उशीर झाला तर गमावलेलं सगळं परत येत नाही. आणि वेळ डायलिसिसपर्यंत आलीच, तरी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असताना डायलिसिसही होतं आणि प्रत्यारोपणही. दक्षिण आफ्रिकेत २००८ मध्ये एचआयव्ही असलेल्या दात्यांच्याच किडन्या एचआयव्ही असलेल्यांना बसवायला सुरुवात झाली, आणि ती माणसं त्यावर वर्षानुवर्षं जगली.

औषध बदललं की वहीत नवी रेघ मारा, तारीख घाला, आणि ४ आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासा. हाडं दुखत असतील तर त्याच नमुन्यात फॉस्फेटही मागून घ्या.